घरचं चित्रण कापायचं कुणी?

कोल्हापुरात सिनेमाचा विषय निघाला की बोलणं बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्यावर येतंच. त्यांचे जोडीदार आनंदराव पेंटर १९१६ मध्ये गेले, तरी त्यांचं अर्धवट राहिलेलं यंत्र बाबूरावांनी जिद्दीनं पुरं केलं आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. मग प्रभात, जयप्रभा, शालिनी हे स्टुडिओ. या वैभवाच्या कथेत घरच्या माणसांनी घरच्या माणसांचं केलेलं चित्रण कुठंच बसत नाही. ‘हौस’ म्हणून ते बाजूला पडतं.

खरं तर आपल्या सिनेमाची सुरुवात घरातच झाली. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून तिचा छोटा चित्रपट केला. फिल्म धुण्याचं काम पत्नी सरस्वतीबाई करत. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये मुलगा रोहिदास झाला, पुढं मुलगी मंदाकिनी ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली. याच फाळक्यांचा शेवटचा चित्रपट ‘गंगावतरण’ (१९३७) कोल्हापूर सिनेटोनचा, हे कोल्हापूरकरांनीही ध्यानात ठेवावं.

घरगुती चित्रणाचं तंत्र १९३२ मध्ये ८ मिलिमीटर फिल्म आल्यावर स्वस्त झालं. तरी ते ऐपतदारांचंच राहिलं. पंचवीस फुटांचं रीळ एकदा चालवायचं, सावलीत उलटून पुन्हा भरायचं, दुसरी कड वापरायची. धुतल्यावर ते मधोमध चिरून जोडायचं. एवढं करून हाती यायची जेमतेम चार मिनिटं. १९६५ मध्ये आलेल्या सुपर ८ नं उलटापालट वाचवली, पण पन्नास फुटांचं कार्ट्रिज सव्वातीन मिनिटांत संपायचंच. त्यामुळे बटण दाबण्याआधी ठरवावं लागे की आजीचे हात टिपायचे की तिचा चेहरा. निम्मं संकलन खिसाच करत असे.

पुढं व्हिडिओ आला आणि कॅमेरा घरच्यांच्या हातून ‘शूटिंगवाल्या’कडे गेला. लग्नाच्या कॅसेटींत हार-तुरे, पंगत आणि बदामाच्या आकारात फिरणारं वधू-वरांचं तोंड. रोजचं घर कुठंच नाही. आता मोबाइलमुळे कॅमेरा परत घरात आलाय, तरी फारसं काही बदललेलं नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढताना किंवा तांबडा-पांढरा रस्सा वाढताना निघणाऱ्या रील्स परक्याला खूश करायला असतात. रस्सा ज्या बाईनं रांधला तिची मात्र फक्त पळी दिसते. चित्रण ढीगभर झालं, चित्रपट होईनात. कारण बसून कापणारं कुणी नाही.

कापल्यावर काय होतं, ते माहितीपटकार आनंद पटवर्धनांच्या ‘वसुधैव कुटुंबकम’मध्ये (२०२३) दिसतं. सत्तरच्या दशकात त्यांनी बिहारचं आंदोलन सुपर ८ वरही टिपलं होतं. इथं कॅमेरा म्हाताऱ्या आई-वडिलांकडे वळलेला. चित्रपट करायचा म्हणून घेतलेलं हे चित्रण नव्हतं. कुंभारकला करणारी आई निर्मला, गप्पिष्ट वडील, त्यांची थट्टा, दुखणी आणि त्यातून अलगद उलगडणारी स्वातंत्र्यसैनिक अच्युतराव-रावसाहेब पटवर्धनांच्या पिढीची गोष्ट. आईबापांची थोरवी सांगायचा मोह टाळून त्यांची चेष्टा जशीच्या तशी ठेवली, हे मला त्यातलं सर्वांत अवघड काम वाटतं. अमेरिकेत जोनास मेकासनं ‘वॉल्डन’मध्ये (१९६९) मित्रमंडळींच्या रोजच्या तुकड्यांतून अशीच डायरी विणली.

कोल्हापूरला जपणुकीचा धडा तीनदा मिळालाय. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ पेटला. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगा घराघरांत शिरली. तेव्हा माळ्यावरचे डबे आता तरी खाली काढा. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर रीळ जुन्या प्रोजेक्टरवर चढवू नका. आकसलेली फिल्म दात्यांत अडकून फाटते. रीळ कोरड्या, थंड जागी ठेवा आणि जाणकाराकडून फ्रेमवार स्कॅन करून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून पडद्यावर कोण कोण आहे ते लिहून काढा. आणि मोबाइलमधल्या यंदाच्या चित्रणातून दहा मिनिटांचा एक तरी चित्रपट कापून काढा.