साभार पोच आणि परीक्षण

मराठी नियतकालिकांच्या शेवटच्या पानांवर ‘साभार पोच’ नावाचा एक रकाना असतो. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे, किंमत. एवढे छापले की संपादक ऋणमुक्त होतो. पुस्तक पोहोचले हे त्यातून कळते. ते कोणी वाचले काय, याचा मात्र पत्ता लागत नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्यविश्वातील बहुतेक पुस्तकांचा प्रवास या रकान्यातच थांबतो. एखादे पुढे गेलेच, तर प्रकाशन समारंभातील गौरवपर भाषण थोडेफार संस्कारून ‘परीक्षण’ म्हणून छापले जाते.

याचे कारण उघड आहे. आपले विश्व लहान आहे. लेखक, परीक्षक आणि विकत घेणारा वाचक हे बहुधा एकमेकांचे सोयरे किंवा एकाच धर्मग्रामातले. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ज्याची गाठ पडायची, त्याच्या कवितासंग्रहाला सपाट कसे म्हणावे? हा संकोच माणुसकीचाच आहे. पण त्याची किंमत साहित्याला मोजावी लागते. पहिल्या पुस्तकात जे दोष, तेच पाचव्यातही राहतात, कारण मधल्या काळात ते कोणी दाखवलेलेच नसतात.

तर मग परखड टीका हा उपाय आहे काय? मराठीचा इतिहास याचे उत्तर सावधपणे द्यायला शिकवतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा ते जेमतेम चोविशीत होते. मराठी ग्रंथपरीक्षणाला त्यांनी धार दिली, हे ऋण नाकारता येणार नाही. परंतु हीच धार त्यांनी जोतीराव फुल्यांवर चालवली. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’च्या कर्त्याची भाषा आणि व्याकरण यांचा त्यांनी यथेच्छ उपहास केला. भाषेचे दोष दाखवणे हे टीकाकाराचे कामच आहे. मात्र ते दाखवले म्हणजे ग्रंथ निकालात निघाला, असे समजणे ही टीकेची फसगत होय. जातीच्या दास्याविषयी तो ग्रंथ जे विचारीत होता, त्याला शुद्धलेखनाच्या चुका काढून उत्तर मिळत नव्हते. चिपळूणकरांची शैली आजही वाचनीय वाटते. या प्रकरणातला त्यांचा न्याय मात्र टिकलेला नाही.

फुल्यांनी टीका कशी स्वीकारली, हे अधिक बोधप्रद आहे. कुणब्याची बोली त्यांनी सोडली नाही. मात्र आपले लिखाण कोणाच्या कानावर घालायचे, याची निवड त्यांनी स्वतः केली. ‘शेतकऱ्याचा असूड’ हा १८८३ सालचा ग्रंथ त्यांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांच्यासमोर लिखाण ठेवण्याइतके कठोर परीक्षण दुसरे कोणते असेल? पुढे १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली, तेव्हा फुल्यांनी पत्र लिहून निमंत्रण नाकारले. शूद्रातिशूद्रांची दुःखे ज्यांच्या ग्रंथांत उतरत नाहीत, त्यांच्याशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. ते पत्र ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाने छापले, ही गोष्ट आपण विसरू नये.

आता दुसरे उदाहरण आपल्या नाशिकचे. १९४२ साली कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा संग्रह निघाला. कवी तिशीतला. त्यापूर्वीचा ‘जीवनलहरी’ हा संग्रह १९३३ सालचा, म्हणजे मध्ये नऊ वर्षे गेलेली. वि. स. खांडेकर तेव्हा मान्यवर कादंबरीकार होते. त्यांनी ‘विशाखा’ला प्रस्तावना लिहिली आणि तो संग्रह स्वतःच्या खर्चाने प्रसिद्धही केला. एक लेखक दुसऱ्याविषयी चांगले बोलतो, तेव्हा त्या बोलण्याची कसोटी कोणती? मला वाटते, स्तुती करणाऱ्याला ती किती महाग पडते, ही. खांडेकरांनी शब्दांबरोबर पैसा आणि नावही पणाला लावले. १९७४ चे ज्ञानपीठ खांडेकरांना आणि १९८७ चे कुसुमाग्रजांना मिळाले, यावरून त्यांची पारख खरी ठरली असे म्हणायला हरकत नाही. समारंभातल्या फुकट स्तुतीत आणि या स्तुतीत हाच फरक आहे.

वाचकहो, परीक्षणाचे काही नियम आपल्या घरातही आहेत. धर्मविषयक पुस्तक छापण्यापूर्वी महागुरूंनी नेमलेला परीक्षक ते वाचतो. १९८३ च्या कॅनन कायद्याचे ८३० वे कलम त्याला तीन गोष्टी सांगते. व्यक्तीव्यक्तीत भेद करू नये, केवळ ख्रिस्तसभेची शिकवण पाहावी आणि अभिप्राय लेखी द्यावा. परवानगी नाकारली गेली, तर तिची कारणे लेखकाला कळवावीत, असेही तेच कलम सांगते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुस्तकावर महागुरूंची अनुमती छापलेली दिसली की ते उत्तम आहे, असे अनेक कुटुंबे धरून चालतात. अनुमतीचा अर्थ इतकाच, की शिकवणीला बाध येत नाही. कविता कविता आहे की नाही, हे पाहण्याचे काम तिथे कोणी केलेले नसते. ते आपल्यालाच करायचे असते. त्यासाठीही हे नियम पुरेसे आहेत: माणूस पाहू नये, विषय सोडू नये, मत लिहून द्यावे आणि कारणे लेखकापर्यंत पोहोचवावीत.

राहिला प्रश्न परीक्षणाच्या वापराचा. परीक्षणातले एक गोड वाक्य उचलून मलपृष्ठावर छापायचे आणि त्या वाक्यापुढचा ‘परंतु’ गाळायचा, हा त्याचा सर्वांत स्वस्त वापर. हे करणारा लेखक वाचकाला फसवतो आणि स्वतःचेही नुकसान करून घेतो, कारण त्याच्या कामाचे सारे त्या ‘परंतु’नंतरच लिहिलेले असते. संत ऑगस्टीनने आयुष्याच्या उत्तरार्धात, इ. स. ४२६-२७ च्या सुमारास, आपलीच ९३ पुस्तके पुन्हा तपासली आणि जिथे चूक वाटली तिथे तसे लिहून ठेवले. इतका मोठा ग्रंथकार जर स्वतःचा परीक्षक होऊ शकतो, तर आपल्या दुसऱ्या आवृत्तीत निदान चार ओळींचा फेरफार व्हायला हरकत नसावी.

द्वारका परिसरातील आमच्या कुटुंबांत आता शिकलेली, वाचणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. त्यांना माझे सांगणे आहे: आपल्यातील एखाद्याचे पुस्तक आले तर ते भेट म्हणून मागू नका, विकत घ्या, पूर्ण वाचा, आणि एक पानभर पत्र लेखकाला लिहा. काय आवडले ते लिहा, कुठे पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले तेही लिहा, आणि का ते सांगा. पत्राखाली नाव घाला. लेखकाला ते पहिल्या दिवशी झोंबेल. पण त्याचे पुढचे पुस्तक साभार पोचेच्या रकान्याबाहेर पडायचे असेल, तर त्याला फुलांच्या गुच्छाहून या पत्राचीच गरज अधिक आहे.