ओसरती परकीय मदत आणि जागतिक आरोग्य-भागीदारी : पुण्यातील दोन उदाहरणांच्या आधारे एक चिकित्सा

प्रस्तावना :
२०२५ मध्ये अमेरिकेने जागतिक आरोग्याच्या मदतीतून हात आखडता घेतला. 'गावी' या लस-आघाडीचे अर्थसाहाय्य थांबविण्याची घोषणा जूनमध्ये झाली. १ जुलै रोजी 'यूएसएड'चे स्वतंत्र अस्तित्व संपुष्टात आले. तेव्हापासूनची चर्चा प्रामुख्याने 'ही तूट कोण भरून काढणार?' या प्रश्नाभोवती फिरते. प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्न अपुरा आहे. निधी आटल्यावर मागे काय उरते आणि निर्णय कोण घेते, हेच भागीदारीचे खरे निकष होत.

मागे काय उरते? :
भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्यातून १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९६७ मध्ये फाउंडेशनने साहाय्य काढून घेतले. संस्था मात्र टिकली, कारण परिषद प्रारंभापासूनच भागीदार होती. १९७८ पासून 'राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच संस्थेत जानेवारी २०२० मध्ये देशातील पहिल्या कोविड रुग्णाचे निदान निश्चित झाले. येथे पैसा गेला, ज्ञान राहिले.

निर्णय कोणाचा? :
आफ्रिकेतील 'ए' गटाच्या मेनिंजायटिसवरील लसीचा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटना व 'पाथ' यांच्या या प्रकल्पास गेट्स फाउंडेशनचा निधी होता. मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी असावी, ही अट आफ्रिकी देशांच्या गरजेतून आली. अमेरिकी शासकीय प्रयोगशाळेतील तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे हस्तांतरित झाले आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत लसीकरणाची मोहीम सुरू झाली. गरज सांगणाऱ्यानेच अट घातली, हे या प्रकल्पाचे वेगळेपण.

मर्यादा :
तथापि या प्रारूपाचा गौरव करून थांबणे योग्य नव्हे. २०२१ मध्ये देशांतर्गत दुसऱ्या लाटेत भारताने लसनिर्यात रोखली, तेव्हा 'कोव्हॅक्स'वर विसंबलेल्या गरीब देशांची कोंडी झाली. दात्यावरील अवलंबित्वाची जागा एकाच उत्पादकावरील अवलंबित्वाने घेतली, तर ते स्वावलंबन ठरत नाही.

निष्कर्ष :
मदत ओसरत असताना भारताने केवळ स्वस्त लस पुरविणारा देश न राहता, आफ्रिकेत उत्पादन व संशोधनाची क्षमता उभी राहण्यास साहाय्य करणे आवश्यक आहे. पुण्याला १९५२ मध्ये जे लाभले, ते इतरांना देण्यातच भागीदारी या शब्दाची सार्थकता आहे.