हेस्टरची सुई

हातातल्या कलेच्या बळावर पुन्हा उभी राहणारी स्त्री हा ऐतिहासिक कादंबरीकारांचा आवडता विषय आहे. मीही तो एकदा हाताळला. माझ्या नायिकेला मी हातमाग दिला, पुष्कळ अपमान दिले आणि शेवटी भरसभेत तिचा सत्कार घडवून आणला. वाचकांनी डोळे पुसले. मला मात्र तो शेवट तेव्हापासून खुपत आला आहे. तो का खुपतो हे नथॅनिएल हॉथॉर्न यांची 'द स्कार्लेट लेटर' पुन्हा वाचताना उमगले.

कादंबरी १८५० सालची. तिच्यातली हकिगत त्याआधी दोनशे वर्षांच्या, प्यूरिटनांच्या बॉस्टनमधली. नवरा दूर असताना हेस्टर प्रिनला मूल होते. व्यभिचाराची खूण म्हणून तिने छातीवर 'ए' हे लाल अक्षर वागवावे, अशी शिक्षा होते. ते अक्षरही ती सोनेरी धाग्याने असे भरते की, बघायला जमलेल्या बायकांचा जळफळाट व्हावा! तुरुंगातून सुटल्यावर तिला कुठेही जायची मोकळीक असते. तरी ती गावाच्या कडेला, समुद्रकाठच्या एका सोडून दिलेल्या झोपडीत राहते आणि सुईवर आपले व मुलीचे पोट भरते.

पाचवे प्रकरण या सुईचेच आहे. भरजरी कपडे सामान्यांना कायद्याने मना. पण अधिकाऱ्यांना ते हवेच असत. गव्हर्नरांच्या गळपट्टीवर, शिपायांच्या पट्ट्यांवर, तान्ह्याच्या टोपड्यावर, प्रेताच्या वस्त्रावर, सगळीकडे हेस्टरचा टाका असे. फक्त नववधूचे शुभ्र अवगुंठन तिच्याकडे कधी येत नसे.

येथे मी पुस्तक मिटून बसले. माझी एक आत्या लहानपणीच विधवा झालेली. आळीतल्या लग्नघरांची परकर-पोलकी तीच शिवून देई. पण हळदीच्या दिवशी तिला कुणी हाक मारीत नसे. हात हवा, बाई नको! हॉथॉर्नना हे कुणी सांगितले असेल?

पण त्यांच्यावर माझा रागही आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते. हिशेब जुळल्याशिवाय मला चैन पडत नाही. सेलमच्या जकात कचेरीत ते स्वतः नोकरीला होते. १८४९ साली ती नोकरी गेली. त्याच कचेरीत हे जुने अक्षर आपल्याला सापडले, अशी बतावणी ते प्रस्तावनेत करतात, आणि त्याची एकेक रेघ सव्वातीन इंच भरली हेही नोंदवतात. मात्र हेस्टरला एका गळपट्टीचे काय मिळे, हे ते सांगत नाहीत. मोबदला बरा असे, एवढ्यावर भागवतात. चोवीस प्रकरणांत सुईला एक प्रकरण. पुढे धर्मोपदेशकाचे झुरणे आणि नवऱ्याचा सूड यांनीच बहुतेक जागा अडवली आहे. कलेतला आनंदही हेस्टर पाप म्हणून दूर सारते. ही मनाची रोगट टोचणी आहे, असे लेखकच सुचवतात. पण सुचवून थांबतात.

तरीही शेवटी ते मला जिंकतात. वर्षांनी हेस्टर परदेशातून त्याच झोपडीत परत येते आणि कुणी न सांगता ते अक्षर पुन्हा लावते. दुखावलेल्या बायका सल्ला विचारायला तिच्या दाराशी येऊ लागतात. सत्कार कोणी करीत नाही. आणि एके दिवशी लोक पाहतात, तर ती एका तान्ह्या बाळाचे अंगडे भरते आहे, इतके भरजरी की त्या गावात ते कुणाला घालता येऊ नये. दूर देशीच्या आपल्या मुलीसाठी ते असावे. आतापर्यंत तिचा टाका कुठे चालेल आणि कुठे नाही, हे गाव ठरवीत होते. आता ते ती ठरवते आहे.

जीवन पुन्हा उभारणे म्हणतात ते हेच असावे. गावाने क्षमा केली की नाही, हा प्रश्न त्यात दुय्यम आहे. मी मात्र माझ्या नायिकेला गावाकडून हार घालवून घेतला, म्हणजे तिच्या आयुष्याचा निकाल पुन्हा गावाच्याच हाती दिला. त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघालीच, तर सत्काराची ती सभा मी काढून टाकणार आहे. मागावर त्या दिवशी काय चढवायचे, ते तिचे तिला ठरवू द्यावे.