मुदतीचा आरंभ : बेकारी भत्त्याच्या नियमांची भाषिक चिकित्सा

बेकारी भत्त्याच्या नियमांचा विचार सामान्यतः दोन आकड्यांभोवती फिरतो. भत्ता किती मिळावयाचा आणि किती दिवस मिळावयाचा, एवढे समजले की नियम समजला असे मानले जाते. मुदतवाढ झाली म्हणजे दुसरा आकडा मोठा होतो व नियम उदार झाला असा निष्कर्ष निघतो. तथापि हे दोन्ही आकडे, जो दाराच्या आत आला त्याच्याच उपयोगाचे असतात. आत कोण येणार हे, दिवसांची मोजणी कोणत्या क्षणापासून व कोणाच्या कृतीपासून सुरू करावयाची ह्यावर ठरते. आणि ही गोष्ट नियमातील एखाद्या गौण उपवाक्यात सांगितलेली असते. त्या उपवाक्याकडे कायद्याचे अभ्यासक लक्ष देतात, भाषेचे अभ्यासक क्वचितच देतात.

ह्या चिकित्सेस छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यासारखे दुसरे क्षेत्र शोधावे लागत नाही. चिकलठाणा व वाळूज येथील कारखान्यांतील विमित कामगार कर्मचारी राज्य विम्याच्या नियमांखाली येतो. पैठण, कन्नड, वैजापूर ह्या तालुक्यांतील मजूर रोजगार हमीच्या नियमांखाली. एकाच घरातील दोन भाऊ दोन निरनिराळ्या नियमांनुसार बेकार ठरत असतील, हे सहज संभवते.

रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे ह्यांची. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यास तिचा प्रत्यक्ष अनुभव आला. १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला आणि मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता, ही तरतूद कायद्याच्या भाषेत प्रविष्ट झाली. दिवसाला एक रुपया हा दर नाममात्र असल्याची टीका झाली व ती रास्त होती. परंतु पंधरा दिवस केव्हा सुरू होतात, हा प्रश्न त्या टीकेत मागे पडला.

२००५ च्या केंद्रीय कायद्याच्या सातव्या कलमात ह्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते. अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवस, किंवा आगाऊ अर्ज असल्यास ज्या तारखेपासून काम मागितले ती तारीख, ह्यांपैकी जी नंतरची असेल ती धरावयाची. येथे 'मिळणे' ह्या क्रियापदाकडे लक्ष द्यावयास हवे. 'मजुराने अर्ज दिला' व 'कार्यालयास अर्ज मिळाला' ही दोन वाक्ये व्यवहारात एकच घटना सांगतात असे वाटते. परंतु पहिल्यात कर्ता मजूर आहे, दुसऱ्यात घटनेची नोंद कार्यालयाच्या स्वाधीन आहे. कायद्याने दुसरे वाक्य स्वीकारले. म्हणून तारखेसह पोच देण्याची तरतूद असली तरी ती पोच हातात पडेपर्यंत पंधरा दिवसांतील पहिला दिवसही उजाडत नाही. नमुना ४ भरून दिला पण पोच घेतली नाही, अशा मजुराने काम मागितलेच नाही असे कागद सांगतो. शिवाय मजुरीचा भार मुख्यतः केंद्राने, तर भत्त्याचा राज्याने सोसावयाचा होता. ज्या यंत्रणेने तारीख लिहावयाची तिच्याच वरिष्ठाने पैसे द्यावयाचे, ही रचना कोणा ग्रामसेवकाच्या दोषाविनाही तारखेस प्रतिकूल होती.

हेच कलम पुढे भत्ता केव्हा थांबावयाचा ते सांगते, आणि तेथे त्याची भाषा एकदम तत्पर होते. अर्जदारास कामावर हजर होण्याचा आदेश दिला की राज्याचे दायित्व संपले; तो प्रत्यक्ष कामावर पोहोचण्याची वाट पाहावयाची नाही. म्हणजे आरंभासाठी दोन तारखांतील नंतरची आणि शेवटासाठी आदेश व हजेरी ह्यांतील आधीची. पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश व नंतर किमान निम्मा, हा दर सर्वांना पाठ असतो. दोन्ही टोकांनी आखडलेला हा काळ मात्र नजरेआड राहतो. शासकीय मराठीत अशा कलमाचे रूप 'काम पुरविण्यात आले नाही तर' असे होते. '-ण्यात येणे' ह्या प्रयोगाने कर्ता नाहीसा होतो. 'ग्रामपंचायतीने काम दिले नाही तर' असे लिहिण्यास मराठीच्या व्याकरणाची कोणतीही आडकाठी नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ह्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला व हमीचे दिवस १०० वरून १२५ वर गेले. त्याची परीक्षा करणाऱ्याने ह्या आकड्याआधी तारखेचे उपवाक्य वाचावे.

जाता जाता शब्दांविषयी. 'बेकार' हा फारसी शब्द मुळात 'कामाविना' एवढेच सांगतो. मराठीत तो 'निरुपयोगी' असाही झाला, आणि कदाचित म्हणूनच सरकारी कागदांनी 'बेरोजगार' जवळ केला. फारसीत 'रोजगार' म्हणजे काळ, जमाना. शब्दाच्या पोटात असलेला हा काळच नियमांत वादाचा विषय व्हावा, हा योगायोग मौजेचा आहे. त्यापासून अधिक काही सिद्ध करण्याचा मोह आवरलेला बरा.

कारखान्यातील कामगाराची स्थिती अधिक बोधक आहे. २००५ मध्ये आलेल्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत भत्त्याची कमाल मुदत प्रथम सहा महिने होती. पुढे ती बारा व नंतर चोवीस महिने झाली, दुसऱ्या वर्षी दर निम्म्यावरून चतुर्थांशावर आणून. मुदतवाढीचे हे ठळक उदाहरण होय. परंतु पात्रतेची कारणे मोजकीच होती : कारखाना बंद होणे, छाटणी, किंवा कामाशी संबंध नसलेल्या इजेने आलेले किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व. व्यवहारात 'छाटणी' म्हणजे माणसे कमी करणे. कायद्यात तसे नव्हते. औद्योगिक विवाद अधिनियमात १९८४ च्या दुरुस्तीने, कराराची मुदत संपून तो पुन्हा न केल्यामुळे गेलेली नोकरी छाटणीच्या व्याख्येतून वगळली. वाळूजच्या वसाहतीत कंत्राटी कामगार 'ब्रेक दिला' असे म्हणतो. ह्या 'ब्रेक'ला नियमांच्या भाषेत प्रतिशब्द नाही, आणि प्रतिशब्द नाही म्हणून भत्ताही नाही. त्याच्या दृष्टीने सहा महिने काय आणि चोवीस महिने काय, सारखेच.

२०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. ती नव्वद दिवसांच्या बेकारीनंतर, आयुष्यात एकदा, कमाल नव्वद दिवसांपर्यंत, सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के देत असे. पहिले नव्वद दिवस माणसाने कशावर काढावयाचे हे तीत लिहिलेले नव्हते. २०२० च्या टाळेबंदीनंतर दर ५० टक्के झाला व प्रतीक्षा तीस दिवसांवर आली. दर दुप्पट झाला ही गोष्ट मथळ्यास सोयीची; खरा बदल प्रतीक्षेत होता, आणि त्याहून अधिक ह्यात, की दावा पूर्वीच्या मालकामार्फत येण्याची अट जाऊन कामगारास तो शाखा कार्यालयात स्वतः दाखल करता येऊ लागला. कर्ता बदलला. प्रशासनास निश्चित तारीख हवी असते, हा आक्षेप येथे गैरलागू ठरतो. तारीख तितकीच निश्चित राहिली, फक्त ती कामगाराच्या कृतीची झाली.

अंशदानाची अट मात्र जुन्याच घडणीची राहिली. विम्याचे अंशदान-काल एप्रिल ते सप्टेंबर व ऑक्टोबर ते मार्च असे असत. बेकारीच्या लगतपूर्व कालात किमान ७८ दिवस, आणि दोन वर्षांतील उरलेल्या तीन कालांपैकी एकात किमान ७८ दिवस अंशदान हवे होते. दोन वर्षे विमित नोकरीत असण्याची अट दोन कामगारांनी सारखीच पाळली असे धरू. चारही कालांत प्रत्येकी ७७ दिवस, म्हणजे एकूण ३०८ दिवस अंशदान भरलेला अपात्र. योग्य त्या दोन कालांत मिळून १५६ दिवस भरलेला पात्र. वारंवार 'ब्रेक' घेऊन काम करावे लागणाऱ्याचे दिवस पहिल्या प्रकारे विखुरण्याचा संभव अधिक, हे सांगावयास नको.

सवलतीच्या ह्या अटी २४ मार्च ते ३१ डिसेंबर २०२० ह्या काळात 'देय' राहतील, असे जाहीर झाले होते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काम गेलेल्याचे तीस दिवस जानेवारीत भरत. तेव्हा 'ह्या काळात' हे क्रियाविशेषण नोकरी जाण्याच्या घटनेस लावावयाचे की पैसे देण्याच्या, हे त्या वाक्यावरून ठरत नव्हते. पुढे सवलतीस मुदतवाढ मिळाली आणि वाक्य आहे तसेच राहिले.