निकेलचा अखंड थर

बहुस्तरीय सिरॅमिक कपॅसिटरची प्रगती सांगताना दोनच गोष्टी पुढे केल्या जातात: नग किती लहान आणि आत थर किती. 2024 मध्ये जपानच्या मुराता कंपनीने 0.16 बाय 0.08 मिलिमीटर मापाचा नग जाहीर केला. काम कौतुकाचंच आहे. पण या कलेचा कस लागतो तो आतल्या निकेलच्या थरावर, आणि तोही भट्टीतून बाहेर आल्यावर.

पूर्वी हे थर पॅलेडियमचे किंवा चांदी-पॅलेडियमच्या मिश्रणाचे असत. हवेत भाजले तरी बिघडत नसत. पण पॅलेडियमच्या पुरवठ्याची मोठी भिस्त रशियावर होती. 2001 च्या सुरुवातीला पॅलेडियमचा भाव औंसाला हजार डॉलरच्या वर गेला आणि निकेलकडे वळण्याची घाई झाली. निकेल हवेत तापवलं की गंजतं, म्हणून भट्टीत ऑक्सिजन अगदी कमी ठेवावा लागतो. तसं केलं की धातूच्या थरांमधल्या सिरॅमिकमधलं बेरियम टायटनेट स्वतःचाच ऑक्सिजन गमावतं आणि विद्युतरोधक राहत नाही. मुरातामधल्या साकाबे आणि सहकाऱ्यांनी अशा वातावरणातही टिकणाऱ्या सिरॅमिकवरचं काम या घाईच्या कितीतरी आधी, 1981 मध्येच, प्रसिद्ध केलं होतं. पुढे डिस्प्रोशियम, होल्मियम यांसारखी दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं मिसळून नगाचं आयुष्य वाढवण्यात आलं. स्वस्त धातू वापरता आला तो सिरॅमिक नव्याने घडवल्यामुळे, हे श्रेय विसरलं जाऊ नये.

आजची अडचण वेगळी आहे. निकेलच्या पुडीची पेस्ट जाळीतून कच्च्या सिरॅमिक थरावर छापतात, असे शेकडो थर रचून दाबतात, कापतात आणि भाजतात. निकेलची पूड सिरॅमिकच्या शेकडो अंश आधीच आकसू लागते. पुढे तापमान चढलं की पातळ धातूचा थर, तेलकट काचेवर पाणी फुटावं तसा, तुटून बेटांमध्ये गोळा होतो. थर अर्धा मायक्रॉन जाडीचा आणि कण 0.1 मायक्रॉनचे असले, तर जाडीत मोजकेच कण बसतात. तिथे एक कण सरकला तरी भोक पडतं. कण आणखी बारीक करावेत, हा नेहमीचा उपाय. पण बारीक पूड आणखी लवकर आकसते, त्यामुळे केवळ बारकाईच्या मागे लागणं मला अपुरं वाटतं.

पेस्टमध्ये बेरियम टायटनेटची अतिसूक्ष्म पूड मिसळली की निकेलचं आकसणं लांबतं. ही युक्ती खरोखर उपयोगी आहे. मात्र भाजताना ती पूड धातूतून बाहेर ढकलली जाते आणि शेजारच्या सिरॅमिक थरात जाऊन तिथल्या कणांची वाढ बदलते. थर पातळ होत जातात तसा हा हस्तक्षेप महागात पडतो. त्यापेक्षा फार वेगाने तापवण्याची वाट मला अधिक प्रामाणिक वाटते. धातूला गोळा व्हायला वेळच मिळत नाही. अट एवढीच की पेस्टमधले आणि कच्च्या थरांतले सेंद्रिय पदार्थ आधीच सावकाश जाळून टाकलेले हवेत.

निर्वातात धातूचा थर चढवण्याची पद्धतही सुचवली जाते. तो थर सुरुवातीपासून घट्ट असतो, पुडीच्या आकसण्याचा प्रश्न उरत नाही. तरीही पृष्ठताण भट्टीत आपलं काम करतोच, शिवाय घट्ट धातू सिरॅमिकमधून निघणाऱ्या वायूंची वाट अडवतो. छपाईच्या वेगाशी आणि खर्चाशीही तिला झगडावं लागतं.

तुटलेल्या थराची किंमत दुहेरी असते. थराचा चौथा हिस्सा रिकामा राहिला, तर क्षमताही साधारण तेवढीच घटते. ही घट थरांची संख्या वाढवून भरून काढता येते. पण जिथे धातू गोळा होतो तिथला सिरॅमिक दाबला जाऊन पातळ होतो, विद्युत क्षेत्र तीव्र होतं आणि नग लवकर निकामी होण्याचा धोका वाढतो. हे नुकसान थर वाढवून भरून निघत नाही. संशोधन निबंधांत थराची सलगता अनेकदा नग कापून, एका रेषेवर मोजलेली असते. रेषेवर दिसणारी फट म्हणजे बारीक छिद्र की लांब भेग, हे त्या मोजमापातून कळत नाही. थर सोलून त्याचं क्षेत्रफळ तपासणारी मोजमापं रेषेच्या आकड्यांसोबत छापली जायला हवीत.