ड्रेस सगळ्यांना बसतो

पीटर स्ट्रिकलँडचा 'इन फॅब्रिक' (२०१८) हा ब्रिटिश सिनेमा एका झपाटलेल्या लाल ड्रेसबद्दल आहे. एवढंच सांगितलं तर कुणीही हसेल, आणि हसावंच. हा ड्रेस रात्री हवेत तरंगतो, घालणाऱ्याच्या अंगावर पुरळ उठवतो, वॉशिंग मशीनची वाट लावतो. तरी सिनेमा बघताना मला ड्रेसपेक्षा त्यातल्या गोड बोलणाऱ्या माणसांची भीती जास्त वाटली. (पुढे शेवटासकट सगळं सांगितलंय.)

काळ मोबाइलच्या आधीचा. शीला बँकेत नोकरी करते. घटस्फोट झालाय, घरात तरुण मुलगा आहे. पेपरातल्या छोट्या जाहिरातीतून जुळवलेल्या डेटसाठी ती सेलमध्ये हा ड्रेस घेते. दुकानातली सेल्सवुमन मिस लकमोर (फातमा मोहम्मद) एकही वाक्य साधं बोलत नाही. काहीही विचारा, उत्तर मंत्र पुटपुटल्यासारखं येतं. हा साइज आपल्याला होणार नाही असं शीलाला वाटतं. पण ड्रेस बसतो. तो सगळ्यांनाच बसतो.

बँकेतले तिचे दोन साहेब, स्टॅश आणि क्लाइव्ह, म्हणजे या दुकानाचीच दुसरी शाखा. तिला आपुलकीने बोलावून ते सांगतात की, तुझा शेकहँड पुरेसा अर्थपूर्ण नव्हता. तुझे टॉयलेट ब्रेकही जरा लांबतात. आवाज कधीच चढत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. अप्रेझलला बसलेल्या कुणालाही ही खोली लगेच ओळखू येईल. समोरचा ओरडला तर निदान भांडता तरी येतं. 'तुझ्या भल्यासाठीच सांगतोय' म्हणणाऱ्याशी भांडणार कसं? लकमोरची भाषा मंत्रांची, साहेबांची एचआरची, पण दोन्ही एकच काम करतात. समोरच्याला 'नको' म्हणायला जागा ठेवत नाहीत. त्यामुळे या सिनेमात हसू जिथून येतं, भीतीही तिथूनच येते.

हे सगळं तोललं जातं ते मारियान जाँ-बाप्टिस्टमुळे. 'सीक्रेट्स अँड लाइज'साठी (१९९६) ऑस्कर नामांकन मिळवलेली ही अभिनेत्री इथे विनोद करायला जातच नाही. वेड्या माणसांमध्ये अडकलेल्या शहाण्या बाईसारखी ती सगळं ऐकून घेते. चेहऱ्यावर थोडा थकवा, थोडी लाज आणि अजून न संपलेली आशा.

आणि मध्यावरच शीला कार अपघातात मरते. ड्रेस पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातो. हा रेग, वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा. बॅचलर पार्टीत मित्र त्याला ड्रेस घालायला लावतात. रेग मशीनमधले बिघाड एकसुरात सांगू लागला की ऐकणारे गुंगून जातात. पहिल्यांदा हे भन्नाट वाटतं. पण पुरळ, मशीन, मृत्यू हा क्रम आपल्याला आता पाठ झालेला असतो, आणि रेगमध्ये शीलाइतका माणूस भरलेलाच नाही. एक गिऱ्हाईक गेलं, दुसरं घ्या, हा दुकानाचा हिशेब झाला. दिग्दर्शकानेही तोच लावावा, हे मला खटकलं. मुद्दाम केलंय असं म्हणता येईल. तरी शीला गेल्यावर माझं मन सिनेमातून उठलं ते उठलंच.

शेवटी मात्र ती परत दिसते. गिऱ्हाइकांची हाणामारी होते, दुकान पेटतं, लकमोर सामानाच्या छोट्या लिफ्टमधून खाली निसटते. खाली एकेका कोंदट खोलीत ड्रेसचे बळी शिलाई मशीनवर बसलेत. शीला, रेग, रेगची जोडीदार बॅब्स. स्वतःच्या रक्ताच्या धाग्याने नवे लाल ड्रेस शिवतायत. वर विकत घेणारे खाली फुकट राबतायत, आणि त्यांनी शिवलेलंच पुन्हा वर विकायला जाणार. स्ट्रिकलँड यावर एका शब्दाचं भाष्य करत नाही. शीलाचा चेहरा दिसतो, आणि सेलमध्ये ड्रेस अंगावर बसला तेव्हा ती क्षणभर खूश झाली होती, ते आठवतं.