किरमिजीचा किडा

रंगांच्या बाबतीत मी तसा अडाणीच. सात ओळखतो, त्यांतले दोन बायकोला विचारून. त्यामुळे आईने "माझ्या शालूवर किरमिजी ब्लाऊजपीस आण" असं फर्मावलं, तेव्हा मी बाजाराऐवजी पुस्तकांच्या कपाटाकडे वळलो. कृ. पां. कुलकर्ण्यांचा 1946 सालचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' आणि त्याचे दोन-तीन जाडजूड शेजारी खाली उतरवले.

शब्दाचं घराणं मोठं निघालं! भूमध्य समुद्राकडच्या ओक झाडांवर राहणारा एक किडा, अरबीत 'किर्मिझ'. तो वाळवून तांबडा रंग काढीत. फारसी 'किर्म' आणि आपला 'कृमी' हे सख्खे भाऊ. इंग्रजांचा 'क्रिमझन'ही त्याच घरातला. म्हणजे चातुर्मासात कांद्याला न शिवणारी माझी आई जन्मभर किड्याचं नाव अंगावर मिरवत आली. तेही रेशमावर, म्हणजे दुसऱ्या किड्याच्या खांद्यावर!

एवढी विद्वत्ता घेऊन डोंबिवलीच्या फडके रोडवर गेलो. दुकानदार म्हणाला, "किरमिजी? मरून म्हणायचंय का?"

मी दचकलोच. हा 'मरून' फ्रेंच 'मारों'वरून आलेला. मारों म्हणजे चेस्टनट नावाचं फळ. डोंबिवलीत ना कुणी तो किडा पाहिलाय, ना ते फळ झाडावर पाहिलंय. पण फळाने किड्याला गल्ल्यावरून उठवलं, हे खरं.

त्याने सहा तुकडे पुढे टाकले. सहाही तांबडे. इथेच माझं कोशांशी भांडण आहे. ते रंगाचा पणजोबा सांगतात, चेहरा सांगत नाहीत. किरमिजी म्हणजे गडद तांबडा. ठीक, पण केवढा गडद? तांबडा म्हणजे लाल आणि लाल म्हणजे पुन्हा तांबडा! आंधळी कोशिंबीर नुसती.

शेवटी "घरी दाखवून आणतो" म्हणून सहाही तुकडे घेऊन आलो. आईने ते खिडकीशी धरले. "हा कुंकवाचा. हा विटकरी. हा डाळिंबी. हे दोन कसले, देव जाणे. आणि हा बघ किरमिजी!" मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना पुरतं अर्धं मिनिटही लागलं नाही.

मग माझ्या लक्षात आलं, की घरात हा अर्थ आता एवढ्या दोन डोळ्यांतच उरलाय.

शिंप्याकडून उरलेली चिंधी मागून आणली आणि कोशात 'किरमिजी'च्या शेजारी डिंकाने चिकटवली. कोशकारांनी माफ करावं. उद्या नातीने ते पान उघडलं, तर तिला नुसतं बघितलं तरी पुरे.